मलाही जमलं नाही

तास संपायला पाच मिनिटं उरलेली असतात. फळा भरलेला असतो. प्राध्यापक खडू खाली ठेवून विचारतात, ‘‘समजलं का सगळ्यांना?’’ वर्गात साठ-सत्तर मुलं असतात. कुणी मान हलवतं, कुणी वहीत डोकं घालतं. ‘‘काही शंका?’’ सगळे गप्प. बेल होते आणि तास संपतो.

त्या शांततेत काय चाललेलं असतं, हे ज्यानं महाविद्यालयाचं पहिलं वर्ष काढलं आहे त्याला सांगायला नको. चौथ्या बाकावरच्या मुलाला फळ्यावरच्या तिसऱ्या ओळीनंतर काही कळलेलं नसतं. पण आजूबाजूला सगळे गप्प आहेत, म्हणजे त्यांना कळलं असणार, असं तो धरून चालतो. शेजारचाही नेमकं हेच धरून चालतो, कारण त्याला या मुलाचा शांत चेहरा दिसत असतो. दोघांनी एकमेकांच्या गप्प बसण्याचा एकच अर्थ लावलेला असतो आणि तो चुकलेला असतो. वर्गातल्या निम्म्या मुलांना कळलेलं नसतं, तरी त्यातला प्रत्येक जण आपण एकटेच मागे पडलो असं समजून खोलीवर परततो.

मुलगा लातूर किंवा नंदुरबारकडच्या मराठी शाळेतून आलेला असेल आणि इथे सगळं इंग्रजीत चालत असेल, तर ही भावना दुप्पट होते. ‘आपली इथे बसायची लायकी आहे का?’ हा प्रश्न मग अभ्यासापुरता राहत नाही. तो मेसच्या रांगेत आणि रात्री कॉटवर पडल्यावरही सोबत असतो.

हे कोडं फोडणारं वाक्य फार साधं आहे. कुणीतरी शेजाऱ्याकडे वळून म्हणायचं, ‘‘मलाही जमलं नाही.’’ या तीन शब्दांनी अभ्यासात, ताणात आणि वसतिगृहातल्या रोजच्या जगण्यात काय बदलतं, याचा गेल्या पन्नास वर्षांत बराच अभ्यास झाला आहे. त्याची सुरुवात कॅलिफोर्नियातल्या एका गणिताच्या वर्गापासून करू.

बर्कलीतले वीस आणि वीस

१९७०च्या दशकाच्या मध्याची गोष्ट. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या संकुलात युरी ट्राइसमन गणितात संशोधन करत होते आणि पहिल्या वर्षाला शिकवणाऱ्या साहाय्यकांना तयार करायचं कामही बघत होते. एक गोष्ट त्यांना सलत होती. पहिल्या सत्राच्या कॅल्क्युलसमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे साठ टक्के मुलं नापास होत किंवा काठावरची श्रेणी घेऊन बाहेर पडत. ही मुलं आपापल्या शाळांमध्ये हुशार म्हणून गाजलेली होती. मग बर्कलीत आल्यावर असं काय होत होतं?

ट्राइसमन यांनी प्राध्यापकांना विचारलं तेव्हा ठरलेली चार उत्तरं आली: मुलांना जिद्द नाही, शाळेतला पाया कच्चा आहे, घरून पाठबळ नाही, पैशाची ओढाताण आहे. आपल्याकडच्या स्टाफरूममध्येही हीच चार कारणं ऐकू येतात. ट्राइसमन यांनी ती मानली नाहीत आणि नाकारलीही नाहीत. त्यांनी कृष्णवर्णीय वीस आणि चिनी वंशाचे वीस विद्यार्थी निवडले, कारण चिनी वंशाची मुलं याच विषयात चांगले गुण मिळवत होती. मग जवळपास दीड वर्ष ते या मुलांच्या मागे राहिले. मुलं अभ्यास कुठे करतात, कुणाबरोबर करतात, अडलं की काय करतात, हे त्यांनी खोल्यांमध्ये आणि ग्रंथालयात जाऊन पाहिलं, काही वेळा चित्रित केलं.

चारही कारणं या तपासात टिकली नाहीत. कृष्णवर्णीय मुलं तास बुडवत नव्हती, गृहपाठ वेळेवर देत होती, घरच्यांचा जीव त्यांच्या शिक्षणात अडकलेला होता. फरक निघाला तो संध्याकाळी. ही मुलं आठवड्याला साधारण आठ तास अभ्यास करत. शिक्षकांनी तेवढाच सांगितला होता. पण तो सगळा अभ्यास एकट्यानं, दार लावून चालत असे. चिनी वंशाची मुलं आठवड्याला चौदा तासांच्या आसपास गणित करत. त्यातले आठ-दहा तास एकट्यानं जात आणि उरलेले मंडळी जमवून. संध्याकाळी ती एकत्र यायची, कधी स्वयंपाक करून जेवायची, मग उत्तरं ताडून बघायची, एकमेकांचं इंग्रजी दुरुस्त करायची, जुन्या प्रश्नपत्रिकांतले प्रश्न काढून एकमेकांची परीक्षा घ्यायची.

या बैठकीत एक गोष्ट आपोआप घडायची. एखादं उदाहरण पाचांपैकी एकालाच सुटलं नाही, तर चूक त्याची आहे हे कळायचं आणि ती तिथेच सुधारायची. पाचांपैकी एकालाही सुटलं नाही, तर उदाहरणच अवघड आहे हे कळायचं आणि कुणाचं मन खट्टू व्हायचं नाही. दार लावून बसलेल्या मुलाकडे ही मोजपट्टीच नव्हती. त्याला प्रत्येक न सुटलेलं उदाहरण आपल्या अकलेवरचा ठपका वाटायचं.

१९७८ साली ट्राइसमन यांनी यावर उपाय म्हणून गणिताची कार्यशाळा सुरू केली. तिची आखणी त्यांनी फार विचारानं केली. ‘कच्च्या मुलांसाठी जादा वर्ग’ असं नाव दिलं असतं तर कुणी स्वाभिमानी मूल तिथे फिरकलं नसतं. म्हणून कार्यशाळा चांगलं यश मिळवू इच्छिणाऱ्यांसाठी आहे असं त्यांनी सांगितलं. तिथे नेहमीपेक्षा अवघड उदाहरणं दिली जात आणि ती लहान गटांत, एकमेकांना समजावत सोडवायची असत. या मुलांचे गुण वाढलेच, शिवाय गणित-विज्ञानाच्या वाटेवर पदवीपर्यंत टिकणाऱ्यांचं प्रमाणही वाढलं. मुलं तशीच होती आणि अभ्यासक्रमही तोच होता. बदल झाला तो एकट्यानं बसण्याच्या सवयीत.

शेजाऱ्याला का जमतं?

पण मित्राकडून समजून घेण्यात असं काय आहे, जे प्राध्यापकांकडे नाही? या प्रश्नाचं उत्तर हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांना स्वतःच्या वर्गात सापडलं. त्यांचं शिकवणं विद्यार्थ्यांना आवडत असे आणि मुलं किचकट गणितंही सोडवत. १९९०च्या सुमारास त्यांनी वर्गाला बल आणि गती यांवरचे साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न दिले. त्यात अनेक जण अडखळले. सूत्र पाठ होतं, अर्थ पोचला नव्हता.

एका प्रश्नावर मझूर यांनी परोपरीनं समजावून पाहिलं. चेहरे कोरेच राहिले. शेवटी ते म्हणाले, आपापसात बोला. वर्गात एकच गलका झाला आणि काही मिनिटांत बहुतेकांना उत्तर उमगलं. यातूनच १९९१पासून त्यांनी एक पद्धत बसवली. थोडं शिकवायचं आणि एक प्रश्न टाकायचा. प्रत्येकानं आधी स्वतः उत्तर ठरवायचं, मग वेगळं उत्तर असलेल्या शेजाऱ्याला आपलं पटवून द्यायचं आणि पुन्हा उत्तर नोंदवायचं. दुसऱ्या फेरीत बरोबर उत्तरं देणारे जवळपास नेहमीच वाढत. ही पद्धत आज अनेक देशांतल्या वर्गांत वापरली जाते.

याचं कारण समजायला सोपं आहे. प्राध्यापकांना तो मुद्दा कळून वीस-तीस वर्षं झालेली असतात. न कळणाऱ्याला नेमकं कुठे ठेचकाळायला होतं, हे ते विसरून गेलेले असतात. शेजारच्या मुलीला तो कालच कळलेला असतो. तिच्या अंगठ्याची ठेच अजून ओली असते, म्हणून दगड कुठे आहे ते ती बरोबर दाखवते.

समजावणाऱ्याचाही यात मोठा फायदा असतो. कॅलिफोर्नियातल्या शिक्षण-संशोधक नोरीन वेब यांनी लहान गटांत काम करणाऱ्या विद्यार्थ्यांची बोलणी बारकाईनं अभ्यासली. ‘हे असं का’ ते तपशिलात समजावून देणाऱ्यांची प्रगती चांगली दिसली. ज्यांना नुसतं तयार उत्तर मिळालं त्यांना त्याचा फायदा झाला नाही. हे निरीक्षण प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. मित्राची असाइनमेंट उतरवून घेणं आणि मित्राकडून समजून घेणं, दोन्हीला आपण ‘मदत’च म्हणतो. पण पहिलीत वही भरते, दुसरीत डोकं.

याला जोडून २००६ सालचा एक प्रयोग सांगायला हवा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. एका गटानं तो पुन्हा वाचला, दुसऱ्यानं पुस्तक मिटून आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र पालटलं. पुस्तक मिटून आठवणाऱ्यांना उताऱ्यातलं सुमारे ५६ टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. अभ्यासाला जमलेल्या मित्रांचं मुख्य काम यातून ठरतं. शेजारी बसून आपापलं वाचायचं असेल तर अभ्यासिका पुरेशी आहे. मित्रांनी जमायचं ते एकमेकांना प्रश्न विचारायला.

शिडी आणि भिंत

आता एखाद्या मुलींच्या वसतिगृहातली खोली डोळ्यांसमोर आणा. गुरुवारची संध्याकाळ, मेसची वेळ व्हायला दीड तास आहे. दोन कॉट जोडून मध्ये ड्रॉइंग बोर्ड आडवा टाकलेला. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातल्या चौघी जणी आणि समोर मेकॅनिक्सचं उदाहरण: गुळगुळीत भिंतीला टेकून ठेवलेली शिडी, खालची फरशी मात्र खडबडीत.

त्यातल्या एकीनं शिडीची आकृती काढून बलांचे बाण दाखवले आहेत. शिडीच्या पायापाशी घर्षणाचा बाण तिनं भिंतीपासून दूर जाणारा काढला आहे. पुढची सगळी समीकरणं बिनचूक असूनही उत्तर उलटं येतंय. तिनं दोनदा आकडेमोड तपासली, तिसऱ्यांदा वही बाजूला सरकवली. ‘‘माझ्याच्यानं नाही होणार हे. राहू दे, यात केटी ठरलेलीच आहे.’’

शेजारची मुलगी आकृतीकडे बघते. तिला चूक दिसली आहे, कारण मागच्या आठवड्यात तिनंही हीच केली होती. ती बाण खोडून देत नाही. विचारते, ‘‘अगं, ही शिडी आत्ता घसरली तर तिचा पाय कुठे जाईल?’’

‘‘बाहेर. भिंतीपासून लांब.’’

‘‘आणि घर्षण काय करतं?’’

‘‘अडवतं...’’ ती थांबते. ‘‘म्हणजे बाण आत पाहिजे. भिंतीकडे!’’

‘‘मी पण बाहेरच काढला होता गं. मलाही जमलं नव्हतं.’’

अख्खा प्रसंग दोन मिनिटांचा. पण त्यात वर सांगितलेलं सगळं आलं. मैत्रिणीनं उत्तर सांगितलं नाही, वाट दाखवणारा प्रश्न विचारला. चूक जिची होती तिनंच ती पकडली, त्यामुळे पुढच्या वेळी शिडीच्या जागी दुसरं काही आलं तरी तिला बाणाची दिशा सुचेल. आणि शेवटच्या वाक्यानं ‘माझ्याच्यानं होणार नाही’ हा निकाल मागे घेतला गेला.

असा गट चालवायला फार काही लागत नाही. तीन ते पाच जण पुरेत. त्याहून जास्त झाले की दोघं बोलतात आणि बाकीचे ऐकतात. वार आणि वेळ ठरलेली हवी, कारण ‘बसू कधीतरी’ म्हणणारे बसत नाहीत. प्रत्येकानं आधी एकट्यानं झटून यायचं. बर्कलीतल्या त्या मुलांचाही बराचसा वेळ एकट्याच्याच अभ्यासात जात होता. बैठकीत प्रश्न विचारायचे, फळा नसेल तर झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहून समजवायचं आणि समजावणारा दर वेळी बदलायचा. कायम एकच हुशार मुलगी शिकवत राहिली, तर ती दमते आणि बाकीच्या आयत्या खाणाऱ्या होतात. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल उतरवायला जमणारी गर्दी किंवा मोबाइलवर पीडीएफ ढकलत राहणारा शंभर जणांचा ग्रुप यांचाही उपयोग असतो, पण त्याला अभ्यासगट म्हणू नये.

ऐकणारा कान

अभ्यासातला गुंता प्रश्नांनी सुटतो. ताणाचा गुंता वेगळा असतो. घरी वडिलांच्या शेतीची कागदं बँकेत तारण असतात, कुणाचं नातं तुटलेलं असतं, कुणाला आडनावावरून टोमणा ऐकावा लागलेला असतो. इथे मित्राकडे उत्तर नसतंच आणि ते असायला हवं असंही नाही.

१९८५ साली शेल्डन कोहेन आणि थॉमस विल्स या मानसशास्त्रज्ञांनी तोपर्यंतच्या संशोधनाचा आढावा घेऊन एक महत्त्वाची गोष्ट मांडली. संकटात इतरांचा आधार उशीसारखं काम करतो, आघात होतो पण त्याचा मार कमी बसतो. विशेष म्हणजे यात प्रत्यक्ष मिळालेल्या मदतीइतकीच, किंबहुना जास्त, किंमत असते ती ‘वेळ आली तर माझ्यासाठी कुणीतरी आहे’ या खात्रीची. रात्री दोन वाजता दार वाजवलं तर उघडेल अशी एक खोली मजल्यावर आहे, एवढं माहीत असणं हाच मोठा आधार असतो. मग ते दार वर्षभरात एकदाही वाजवावं लागलं नाही तरी.

ब्रिटनमध्ये या दाराला एक व्यवस्थित रूप दिलं गेलं. १९७० साली एसेक्स विद्यापीठात ‘नाइटलाइन’ सुरू झाली. विद्यापीठाची कार्यालयं आणि दवाखाने बंद असतात त्या रात्रीच्या वेळी फोनवर बसायचं काम विद्यार्थीच करतात, आणि फोन करणारेही विद्यार्थीच असतात. ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या अनेक विद्यापीठांत आता अशी सेवा आहे. तिचे नियम साधे आहेत. स्वयंसेवकाला आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. फोन करणाऱ्याचं नाव विचारायचं नाही. सल्ला द्यायचा नाही, चूक-बरोबर ठरवायचं नाही, ऐकायचं.

ऐकणं वाटतं तितकं सोपं नाही. मित्रानं दुःख सांगायला सुरुवात केली की आपण घाईनं म्हणतो, ‘‘टेन्शन नको घेऊ रे, होईल सगळं नीट.’’ किंवा ‘‘एवढं काय त्यात, माझं बघ.’’ हेतू चांगलाच असतो. पण सांगणाऱ्याला त्यातून ‘आता हा विषय बंद कर’ एवढंच ऐकू येतं. त्याऐवजी चहाचा ग्लास पुढे करून ‘‘मग काय झालं?’’ एवढं विचारावं आणि मध्ये शांतता पडली तर ती पडू द्यावी. बहुतेक वेळा खरी गोष्ट त्या शांततेनंतर येते.

या ऐकण्याला एक मर्यादा आहे आणि ती प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत हवी. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आपलं आयुष्य संपवलं, म्हणजे दिवसाला पस्तीसहून जास्त. मित्र मेसला येईनासा झाला, झोप उडाली, आवडीच्या वस्तू वाटून टाकू लागला, ‘माझ्यावाचून कुणाचं काही अडणार नाही’ असं बोलू लागला, तर ते मनावर घ्यायचं. ‘‘तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतायत का?’’ असं सरळ आणि मायेनं विचारावं. विचारल्यानं तो विचार मनात शिरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडायचं नाही आणि ‘कुणाला सांगू नकोस’ हे वचन द्यायचं नाही. वॉर्डन, समुपदेशक, घरचं विश्वासाचं माणूस किंवा डॉक्टर यांच्यापर्यंत त्याला सोबत घेऊन जायचं. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा २०२२च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनाशुल्क, मराठीतही बोलता येतं.

मित्राचं काम तज्ज्ञापर्यंत पोचवण्याचं आहे, तज्ज्ञ होण्याचं नाही. विद्यार्थी एकमेकांना सांभाळतात म्हणून महाविद्यालयांना हात झटकता येणार नाहीत. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असला पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०२५मध्ये सांगितलं आहे. आपल्या महाविद्यालयात तो आहे का, हे विचारण्याचा हक्क विद्यार्थ्यांना आहे आणि तो सगळ्यांनी मिळून बजावावा.

सिनियर काय सांगतात

पहिल्या वर्षाच्या मुलाला सर्वांत आधी भेटतो तो सिनियर. त्या भेटीची दोन टोकं असू शकतात. एक टोक रॅगिंगचं. महाराष्ट्रानं १९९९ साली त्याविरुद्ध कायदा केला आणि विद्यापीठ अनुदान आयोगानं २००९ साली देशभरासाठी कडक नियम केले. दुसऱ्या टोकाची ताकद किती असते, ते एका अमेरिकन प्रयोगातून दिसलं.

ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन यांनी एका नामांकित विद्यापीठातल्या नव्या विद्यार्थ्यांना जुन्या विद्यार्थ्यांचे अनुभव वाचायला दिले. त्यांचं सार असं की, पहिल्या वर्षी आपण इथले नाही असं सगळ्यांनाच वाटतं आणि काही काळानं ते वाटणं ओसरतं. मग नव्या मुलांनी स्वतःचा अनुभव त्यांच्यानंतर येणाऱ्यांसाठी लिहून काढायचा आणि कॅमेऱ्यासमोर बोलायचा. सगळं मिळून तासाभराचं काम. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पुढच्या तीन वर्षांत कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय विद्यार्थ्यांच्या गुणांमधलं अंतर निम्म्यानं कमी झालं. ‘मलाही जमत नव्हतं’ हे सिनियरनं सांगण्याचा हा परिणाम.

या कथेला २०२३ साली महत्त्वाची जोड मिळाली. बावीस संस्थांमधल्या जवळपास सत्तावीस हजार विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग करून पाहिला, तेव्हा तो सगळीकडे सारखा लागू पडला नाही. जिथे विद्यार्थ्याच्या सामाजिक गटाला खरोखर सामावून घेणारं वातावरण होतं, तिथेच धीराच्या शब्दांचा उपयोग झाला. बी चांगलं असलं तरी जमिनीत ओल लागतेच. गावाकडून आलेल्या मुलाला ‘सवय होईल’ म्हणायचं आणि त्याच्या बोलण्याच्या ढंगावर मेसमध्ये हसायचं, हे एकत्र चालत नाही.

एका पंगतीत

विद्यार्थ्यांनी एकमेकांना सांभाळणं महाराष्ट्राला नवीन नाही. एकेकाळी गरीब विद्यार्थी पुण्यात माधुकरी मागून किंवा वार लावून शिकत: सात वार, सात घरं. पोट भरे, पण विद्यार्थी कायम मिंधा राही. आणि त्या दारांपर्यंत पोचणंही बहुसंख्य जातींच्या मुलांना शक्य नव्हतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं आणि पुढे निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहांची रांग लावली. अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघालं.

कोल्हापुरातल्या वसतिगृहात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी याच्या पुढचं पाऊल टाकलं. १९१९ साली कराडजवळच्या काले इथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. १९२७ साली महात्मा गांधी तिथे आले आणि त्याला ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ हे नाव मिळालं. तिथे सर्व जातिधर्मांची मुलं एका छपराखाली राहत, एका पंगतीत जेवत. स्वयंपाक, झाडलोट ही कामं मुलंच करत. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी या मुलांसाठी आपले दागिने मोडले.

बर्कलीच्या कार्यशाळेनं आणि साताऱ्याच्या बोर्डिंगनं एकच गोष्ट ओळखली होती. मदत घेणाऱ्याच्या हातातही काम दिलं, की तो मिंधा राहत नाही. साताऱ्यात खाणारा मुलगा उद्या भाकरी थापणारा असे, बर्कलीत आज समजून घेणारी मुलगी उद्या समजावणारी. १९५५ साली पुण्यात अच्युतराव आपटे यांनी स्थापन केलेली विद्यार्थी सहाय्यक समिती आणि आपल्या विद्यापीठांमधली ‘कमवा आणि शिका’ योजना हाच धागा पुढे नेतात. या धाग्याच्या दुसऱ्या टोकाला वसतिगृहातली ती खोली असते, ड्रॉइंग बोर्ड आडवा टाकलेली.

हे पान वाचणारा एखादा मुलगा किंवा मुलगी आत्ता अशाच खोलीत दार लावून बसली असेल, समोर न सुटलेलं उदाहरण असेल, किंवा उदाहरणाहून अवघड काही मनात असेल. तिला एवढंच सांगायचं आहे: शेजारच्या खोलीत दिवा जळतो आहे आणि त्या दिव्याखाली बसलेल्यालाही हीच शंका आहे. उठ, दार वाजव आणि पहिलं वाक्य तू बोल.